हातभर उजवीकडं

हौशीरामनं आयुष्यात एकही डुक्कर मारलं नाही. जांभळाचं एक झाड मात्र निम्मं मारलं.

आंदर मावळात रानाला लागून त्याची भाताची खाचरं होती. इंद्रायणी भात पोटरीला आला की रानडुकरं खाली उतरत आणि हौशीराम राखणीच्या माळ्यावर चढे. मांडीवर ठासणीची बंदूक, पीक संरक्षणाच्या परवान्याची. डुकराला मारायची त्याला परवानगी नव्हती आणि इच्छाही नव्हती. तो बांधावरच्या जांभळात बार काढी. आवाज डोंगरात फिरला, वरून पानं खळखळली की कळप माघारी जाई. पोट भरलेलं असलं तर जरा सावकाश जाई, पण जाई.

ही बंदूक एकदा माळ्यावरून खाली पडली. तेव्हापासून ती डावीकडं खाऊ लागली. नेम धरावा जांभळावर, तर छर्रे हातभर डावीकडून, शेजाऱ्याच्या बांधावरून जात. बंदूक दुरुस्त करायला पुण्याला न्यावी लागली असती, म्हणून हौशीरामनं नेम दुरुस्त केला. जांभळात मारायचं तर हातभर उजवीकडं धरायचं. शेवटच्या काही वर्षांत त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मग बंदूक त्याची बायको रतनबाई धरू लागली आणि तो मागं बसून सांगू लागला, "हातभर उजवीकडं. उजवीकडं म्हन्लं ना." परवाना हौशीरामच्या नावावर, खांदा रतनबाईचा. कायद्याला हे कळलं नाही आणि डुकरांनी सांगितलं नाही.

पौषात हौशीराम गेला. बंदूक पोलिस ठाण्यात जमा झाली आणि तिच्यासाठी दोन अर्ज पडले. एक रतनबाईचा. दुसरा तिच्या पुतण्याचा, आदिनाथचा.

आदिनाथचं लोणावळ्यात दुकान होतं. दोन्ही बाजूंना चिक्की आणि मधे हा. पाटीवर 'आदिनाथ टॅक्टिकल'. आत लढाईला लागणारं सगळं मिळे, फक्त शत्रू आपला आपण आणायचा. बिनबोटांचे हातमोजे, गुडघ्याला ढाली, पाण्याखाली चालणारी बॅटरी, आणि मुख्य म्हणजे चौदा कप्प्यांचं जाकीट. पर्यटक ते जाकीट घालून भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसत आणि कप्प्यांतून कणसं काढून खात. आदिनाथ स्वतः दुकानात हाच पोशाख घाली. रोज सकाळी तो भावकीच्या ग्रुपवर अमेरिकेतल्या बंदुकांच्या बातम्या टाकी. तिथल्या कुठल्या राज्यात कोर्टानं काय म्हटलं हे आमच्या मावळात चहाच्या आत कळे. त्याच्या कमरेला सगळं होतं, फक्त बंदूक नव्हती. ती काकूच्या नावावर जाणं म्हणजे त्याला देवळावर चोरानं कळस चढवल्यासारखं वाटे.

"काकू, शस्त्र हा माणसाचा हक्क असतो," तो एकदा वाडीवर येऊन म्हणाला.

"आसंल."

"म्हंजी घराण्यातल्या पुरुषाकडं ऱ्हायला पायजे ती."

"मग ये की माळ्यावर. गोधडी देते."

"दुकान कोण बघंल?"

"मग हक्क दुकानात ठिव," रतनबाई म्हणाली, "बंदूक माळ्यावर लागती."

कचेरीतल्या साहेबांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की, बंदूक चालवता येते असा प्रशिक्षणाचा दाखला जो आणेल त्याच्या अर्जाचा विचार होईल. दोघांनीही आणला तर मोठे साहेब बघतील. मोठे साहेब बघतील म्हणजे भात कापून, मळून, खाऊन होईपर्यंत काही होत नाही, हे रतनबाईला अर्ज न वाचताही समजलं. तेव्हा दाखला आणायचा आणि पुतण्याच्या आधी आणायचा, असं तिनं ठरवलं. ती ठरवून मोकळी झाली. बाकीच्यांना त्रास पुढं झाला.

प्रशिक्षण भुशीच्या रस्त्यावर, एका बंद पडलेल्या खाणीत होतं. शिकवणारे राजेंद्र सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. आवाज बारीक होता, पण तो खाणीच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येई. रतनबाई फाट्यापर्यंत चालत, तिथून एसटी, कान्ह्याला लोकल आणि लोणावळ्यात रिक्षा असं करत पोचली. तिनं नऊवारीचा काष्टा घट्ट केला आणि चपला बाहेर काढून ठेवल्या.

"मावशी, चपला घाला. दगड आहेत इथे."

"शस्त्र हातात घ्यायचंय ना? मग नगं."

सुभेदारांनी नियम सांगितले. रायफल नेहमी भरलेली आहे असंच समजायचं. नळी माणसाकडं करायची नाही. घोड्यावर बोट नेम धरल्यावरच. रतनबाई मान हलवत होती. आदिनाथ मोबाईलवर स्वतःचा व्हिडिओ काढत होता. त्याच्या कानांवर मोठे कानटोप होते, डोळ्यांवर पिवळा चष्मा, आणि गुडघ्यांना ढाली असल्यामुळं त्याला खाली बसता येत नव्हतं.

"जवान," सुभेदार म्हणाले, "तुम्ही उतरणार आहात की आधी हेलिकॉप्टर येणार आहे?"

परीक्षा साधी होती. दोन आठवडे शिकायचं, मग पाच गोळ्या झाडायच्या. तीन कागदावर लागल्या पाहिजेत. कागद शेजारी शेजारी टांगलेले, मधे हातभर जागा. रतनबाईचा डावीकडं, आदिनाथचा उजवीकडं. शिकताना एका वेळी एकच कागद लावत आणि त्यावर रतनबाईची एकही गोळी लागली नव्हती. सुभेदारांना वाटलं, म्हातारी डोळे मिटते. त्यांनी डोळे बघितले. डोळे उघडे होते, चांगले टक्क. त्यांनी श्वासाबद्दल सांगितलं, खांद्याबद्दल सांगितलं. नळी कुठं रोखली आहे हे काही त्यांनी तिला विचारलं नाही, कारण समोर कागद असताना माणूस कागदाकडंच रोखणार, असं फौजेत धरून चालतात.

परीक्षेच्या रविवारी दोघांनी पाच-पाच गोळ्या झाडल्या. सुभेदार कागद घेऊन आले. रतनबाईचा कागद नुकताच दुकानातून आणल्यासारखा कोरा. आदिनाथच्या कागदावर सहा भोकं. पाच मधोमध, एका ताटलीत मावतील एवढी जवळ. एक खालच्या कोपऱ्यात, कागद सुटता सुटता लागलेलं.

"अभिनंदन," सुभेदार म्हणाले. "पाच गोळ्यांत सहा. फौजेत असतास तर दारूगोळ्याचा खर्च वाचला असता."

"मधली पाच माझी," आदिनाथ म्हणाला.

"आणि कोपऱ्यातलं?"

आदिनाथनं चष्मा पुसला. "ते आधीचं असंल."

"कागद मी आज सकाळी लावला."

रतनबाई पुढं आली आणि तिनं ताटलीएवढ्या जागेवर बोट ठेवलं. "ही माजी."

"मावशी, तुमचा कागद तिकडे होता."

"व्हय. म्हनून तर हातभर उजवीकडं धरली."

"का?"

"बंदूक डावीकडं खाती ना."

"कुठली बंदूक?"

"सगळ्याच खात्यात की," रतनबाई म्हणाली.

"तुम्ही आजपर्यंत किती बंदुका चालवल्या?"

"येकच."

सुभेदारांनी दोन्ही कागद गुंडाळले. मग त्यांनी सांगितलं की, ही रायफल सरळ आहे, आणि दुसऱ्याच्या कागदावरच्या गोळ्या धरल्या जात नाहीत, कुणाच्याच. पुढच्या रविवारी दोघांनी परत यायचं. शेवटची संधी. त्यानंतरची तुकडी दिवाळीनंतर.

दिवाळीनंतर खाचरात डुकरांना पाहुणे म्हणून बोलवावं लागलं असतं, कारण भात उरलाच नसता. तसंही त्या आठवड्यात रतनबाईनं डबा बडवून रान जागवलं, तरी खालचं एक खाचर लोळून सपाट झालं. डबा डुकरांच्या ओळखीचा झाला होता.

तिनं मुसळ काढलं. माळ्यावर बसून ते खांद्याला लावलं आणि जांभळावर सरळ नेम धरला. मुसळ आपोआप उजवीकडं सरकलं. परत आणलं, परत सरकलं. कानामागं कुणी बसून सांगावं तसं. आख्ख्या संसारात नवऱ्याचं एवढं एकच सांगणं तिनं बिनतक्रार ऐकलं होतं, आणि आता तेच आडवं आलं होतं. वाडीतली शकुबाई बांधावरून जाताना थांबली.

"आगं रतन, जांभळानं काय केलं तुजं?"

"काय न्हाई. सरळ बघायला शिकतीया."

"ह्या वयात?"

"आधी कुटं गरज पडली?"

शकुबाईनं वाडीत सांगितलं की रतन मुसळानं झाडाला दम देते. दुसऱ्या दिवशी बघायला माणसं आली. रतनबाईनं त्यांना बसवून घेतलं आणि प्रत्येकाला, मुसळ उजवीकडं सरकलं की ओरडायच्या कामाला लावलं. आठवडाभर त्या बांधावरून 'सरकलं, सरकलं' असा गजर चालला. त्या गजरानं डुकरंसुद्धा दोन दिवस आली नाहीत.

रविवारी आदिनाथ सगळ्यांच्या आधी खाणीत हजर होता. त्यानं सुभेदारांना अगदी नम्रपणे विचारलं, "सर, मला तीच उजवीकडची जागा मिळंल का? तिथं मला सवय झालीय."

सुभेदारांनी त्याच्याकडं बघितलं. मग रतनबाईकडं बघितलं.

"मिळू द्या," रतनबाई म्हणाली. "घरचंच पोर हाय. माज्या जिवावर मोठं झालं, आजूनबी व्हायचं म्हनतंय."

दोघं आडवी झाली. आदिनाथच्या गोळ्या सुटू लागल्या आणि खाणीच्या वेगवेगळ्या भागांतून धूळ उडाली. रतनबाईनं कागदावर सरळ नेम धरला, श्वास रोखला आणि घोडा दाबायच्या क्षणी नळी सरकली. आदिनाथच्या कागदाला मधोमध भोक पडलं. आदिनाथ गालात हसला. दुसरी गोळी. परत तिथंच, पहिलीच्या शेजारी. आदिनाथला आणखी एकच हवी होती. त्यानं स्वतःची उरलेली गोळी निवांत आभाळाच्या दिशेनं घालवली आणि हनुवटी टेकून वाट बघत पडला.

रतनबाईनं रायफल खाली ठेवली. नळी समोर, बोट बाहेर, शिकवल्याप्रमाणं. मग मान किंचित मागं वळवून, तिथं कुणी नसताना, हळूच म्हणाली, "तुमी आता गप ऱ्हावा. तुमची बंदूक आनायला आलीया. आनली की परत तुमचंच ऐकते."

सुभेदारांनी हे ऐकलं. रेंजवर बोलायला मनाई आहे असं ते म्हणणार होते, पण कुणाला म्हणायचं ते ठरेना.

तिसरी गोळी तिच्या कागदाच्या उजव्या कडेला लागली. चौथी आत आली. पाचवीला तिनं इतका वेळ घेतला की आदिनाथनं कानटोप काढून विचारलं, "काकू, झाली का?"

"तुला घाई आसंल," ती नळीवरून डोळा न हलवता म्हणाली. "मला न्हाई."

पाचवी मधोमध बसली.

सुभेदारांनी दोन्ही कागद टेबलावर मांडले. "मावशी, तीन. पास. आदिनाथ, दोन."

"दोन माझ्या?"

"नाही. दोन्ही काकूंच्या. तुझ्या इथेच कुठेतरी असतील, सापडल्या तर कळवतो."

दसऱ्याच्या आधी परवाना झाला. ठाण्यातून बंदूक आणताना रतनबाई एसटीत मधल्या बाकावर बसली आणि कंडक्टरनं तिला तिकिटाचे सुट्टे मागितले नाहीत. खंडेनवमीला बंदुकीला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. त्या दिवशी आदिनाथ आला. जाकीट होतं, ढाली नव्हत्या. दारात घुटमळला.

"काकू, ती पाण्याखाली चालनारी बॅटरी हाय माझ्याकडं. माळ्यावर उपेगी पडंल."

"मानूस बी आनलंय का बॅटरीबरुबर?"

"आनलंय."

"मग शेंगा भाजल्यात, घे."

संध्याकाळी दोघं माळ्यावर चढली. चौदा कप्प्यांत भुईमुगाच्या शेंगा अगदी बेताच्या मावल्या. ऊन उतरता उतरता बांधाखालचं गवत हललं, मग काळी पाठ दिसली, मग आणखी दोन. आदिनाथनं श्वास रोखला. रतनबाईनं बंदूक खांद्याला लावली आणि जांभळावर सरळ नेम धरला. मुसळाच्या त्या आठवड्याची सवय होती. बार झाला. शेजाऱ्याच्या बांधावरची धूळ उडाली. डुकरांनी माना वर करून बघितलं आणि परत खाली घातल्या.

रतनबाईनं घाई केली नाही. दारू ठासली, छर्रे घातले, गज बाहेर काढून आदिनाथच्या हातात दिला. परत खांद्याला लावली. या वेळी नळी जांभळावरून आपली आपण पुढं सरकली आणि तिनं सरकू दिली.

"काकू, झाड हिकडं ऱ्हायलं," आदिनाथ कुजबुजला.

"म्हाईत हाय," रतनबाई म्हणाली, आणि जांभळाची पानं खाचरभर पडली.