गळतीबाबा आणि फुगलेल्या फळ्या

बोटीच्या तळात पाणी नव्हतं. एवढंच बघायला धक्क्यावर अर्धी वस्ती लोटली होती. एकेक जण बोटीत उतरायचा, तळाच्या फळ्यांवरून हात फिरवायचा, कोरडा तळवा पुढच्याला दाखवायचा आणि पुढचा डोळे मिटून हात जोडायचा. कोरड्या हाताचं इतकं कौतुक मी जन्मात पाहिलं नव्हतं.

धक्क्याच्या टोकाला खुर्चीवर गळतीबाबा बसले होते. छपराची, नळाची, केसांची, कसलीही गळती थांबवतात अशी ख्याती. त्यांच्या स्वतःच्या टकलावरून सूर्य परावर्तित होत होता, पण हा मुद्दा कुणाला महत्त्वाचा वाटत नव्हता.

"पाणी हट्टी असतं," बाबा सांगत होते. "त्याला समजावलं तर ते बाहेर थांबतं. मी फक्त समजावलं."

बोट माझ्या धाकट्या भावाची. शाळेची व्हॅन चालवून कंटाळला आणि खाडीपलीकडच्या शाळेत मुलांना बोटीनं न्यायचं त्याच्या डोक्यात आलं. खिशात फारसं नव्हतं, म्हणून जुन्या घाटाची, पोटात इंजिन बसणारी लाकडी मोटरबोट घेतली. ती कित्येक वर्षं एका शेडमागे उन्हात पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. स्टिअरिंग मोडीत निघालेल्या बसचं, गाद्या बंद पडलेल्या थिएटरातल्या, रंग जिथे जो उरला होता तो. त्यामुळे डावी बाजू निळी आणि उजवी दवाखान्यासारखी हिरवी. पण काम मन लावून केलं होतं, हे कबूल करायला हवं.

मग तिला पाण्यात सोडली आणि ती प्रत्येक सांध्यातून गळायला लागली. इंजिन अजून दुरुस्तीच्या शेडमध्ये होतं, म्हणून निदान ते वाचलं. धक्क्यावर बाकी सगळ्या फायबरच्या बोटी. लाकडी बोटीचं काय करतात, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा बाबांना बोलावणं गेलं. बाबांनी फटींना राख फासली आणि आज्ञा केली, "बोट उथळ पाण्यात बुडू द्या. मी सांगेपर्यंत जवळ फिरकू नका. पंप लावू नका. पंप म्हणजे संशय."

काही दिवसांनी पाणी उपसलं. ते परत आत आलं नाही.

"दादा, तू जन्मभर लोकांची टिंगलच केलीस," धाकटा मला म्हणाला. "आता हात लावून बघ."

मी हात लावला. तळ कोरडाच होता.

"लाकूड फुगलंय," मागून माझी भावजय म्हणाली. ती त्याच पलीकडच्या शाळेत विज्ञान शिकवते.

"लाकूड काय तुझे गाल आहेत, उठसूट फुगायला?" धाकटा म्हणाला.

"ओल धरली की आपल्या न्हाणीघराचं दार लागत नाही. तेव्हा कोण येऊन राख फासतं?"

तिनं मग घरामागचं जुनं लाकडी पिंप आणलं. वाळून त्याच्या पट्ट्यांत फटी पडल्या होत्या. सगळ्यांसमोर त्यात पाणी ओतलं, ते गळून गेलं. पिंप पाण्यात बुडवून ठेवलं. ना राख, ना मंत्र. काही दिवसांनी त्यातून थेंबही पडेना.

"बघा," एक पेन्शनर गहिवरून म्हणाले, "बाबांची कृपा पिंपावरसुद्धा झाली."

हे गृहस्थ आयुष्यभर इंजिनिअर होते. त्यांनी पूल बांधलेत. त्या दिवसापासून मी पुलावरून जाताना पावलं भराभर टाकतो.

इथपर्यंत मी हसत होतो. मग इंजिन बोटीत बसलं आणि हसू थांबलं. इंजिनाचा लोखंडी शाफ्ट मागे तळातून बाहेर जातो आणि पाण्यातला पंखा फिरवतो. तो जिथून बाहेर पडतो तिथे पितळी ग्लँड असते. तिच्यात दोरीसारखं पॅकिंग ठासून भरतात, म्हणून पाणी आत घुसत नाही. या ग्लँडमधलं पॅकिंग वाळून कोळसा झालं होतं. इंजिन सुरू केलं की तिथून धार लागायची.

"ही फुगणार नाही," भावजय म्हणाली. "ही पितळेची आहे. नवं पॅकिंग आण आणि पंप बसव."

"बाबा नको म्हणालेत. श्रद्धा पातळ असते तिथून पाणी येतं म्हणाले. आणून ठेवलेला पंप मी दुकानात परत केला."

"आणि ते पैसे?"

"रक्षाकवच घेतलं." त्यानं स्टिअरिंगला बांधलेली काळी दोरी दाखवली.

ती शांतपणे म्हणाली, "सोमवारी या बोटीत आपली मुलगी बसणार आहे. तिच्या वर्गातली बाकीचीही. त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही. त्यांना ही दोरी देणार आहेस धरायला?"

त्यानं दोरीची गाठ आणखी घट्ट केली. माझ्या हातात त्या वेळी पाना होता. तो मी दूर ठेवला, एवढाच माझा संयम.

रविवारी पुन्हा गर्दी जमली. भावजय सगळ्यांसमोर बाबांना नमस्कार करून म्हणाली, "मुलांच्या आधी पहिली फेरी तुमचीच. तेवढा मान घ्यायलाच हवा."

"मी पाण्यावर जात नाही," बाबा म्हणाले. "पाणी माझ्याकडे येतं."

"आज येईलच," मी म्हणालो.

भक्तांना फक्त मान हा शब्द ऐकू आला. त्यांनी बाबांना खुर्चीसकट उचललं आणि प्रेमानं बोटीत ठेवलं. मीही चढलो, धाकटा स्टिअरिंगवर बसला. भावजयीनं बोट जाड दोरखंडानं धक्क्याला बांधून ठेवली होती. पाणी छातीइतकंच होतं आणि ती स्वतः धक्क्यावर दोरखंड धरून उभी होती.

इंजिन सुरू झालं. मागची धार सुरू झाली. बाबांनी डोळे मिटून पाण्याला समजावायला घेतलं. पाणी घोट्यापर्यंत आलं, तेव्हा समजावणं जरा मोठ्या आवाजात होऊ लागलं. खुर्चीचे पाय बुडाले तेव्हा बाबांनी डोळे उघडले आणि मागे वळून बघितलं.

"अरे गाढवा," ते धाकट्यावर ओरडले, "ग्लँडला पॅकिंग नाही का टाकलंस? पंप कुठाय?"

धाकट्यानं इंजिन बंद केलं.

"पॅकिंग?" तो हळूच म्हणाला. "तुम्हाला पॅकिंग कसं ठाऊक?"

भावजयीनं दोरखंड ओढत बोट धक्क्याला आणली. "लाकडी बोटींच्या कारखान्यात काम केल्याशिवाय इतकं अचूक येत नाही, बाबा. वाळलेली बोट बुडवून ठेवली की फळ्या पाणी पितात, फुगतात आणि फटी आपोआप बंद होतात. हे तुम्हाला माहीत होतं. राख नुसती दाखवायला होती, काम पाण्यानं केलं. आणि पितळ पाणी पीत नाही, हेही तुम्हाला माहीत होतं. माहीत असून मुलांना बसवायला निघालात."

"चार वर्षं होतो कारखान्यात," बाबा पायांवरचं पाणी झटकत म्हणाले. "कारखाना बंद पडला. लोक मिस्त्रीला पैसे देताना घासाघीस करतात, बाबाला देताना पाया पडतात. मी काय करणार?"

हे त्यांचं एकमेव खरं वाक्य. पण त्यासाठी त्यांना माफ करण्याची माझी तयारी नाही. पोट भरायला माणूस खोटं बोलतो, हे मी समजू शकतो. न पोहणाऱ्या मुलांखालची धार दिसत असताना 'पंप म्हणजे संशय' म्हणणं, याला पोट भरणं म्हणत नाहीत.

बाबा गेले. पेन्शनर मात्र धक्क्यावरून हलले नव्हते. "तरी बघा," ते म्हणाले, "पॅकिंगचा दोष शेवटी बाबांनीच ओळखला."

धाकटा तळात वाकून जुनं पॅकिंग खरवडून काढत होता आणि भावजय त्याला बॅटरी दाखवत होती. सोमवारची फेरी रद्द झाली, मुलं लांबच्या रस्त्यानं शाळेत गेली. पॅकिंग आणि पंप बसल्यावर ती दोघं मुलीला घेऊन आधी स्वतः खाडीपार जाऊन आली. मगच इतरांची मुलं घेतली.

माझी विनंती साधी आहे. तुम्ही कुणापुढे हात जोडता, ते तुमचं तुम्ही बघा. पण जो माणूस तुम्हाला 'तपासू नका' म्हणतो, त्याच्या शब्दावर दुसऱ्याचं मूल पाण्यात नेऊ नका. आधी तळाची फळी उचला आणि पाणी कुठून येतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.