धूर वर येत नाही

मुकादमाला एक खोड होती, आणि ती सहलीच्या पहिल्याच तासात फिटरच्या डोक्यात गेली. कुणी काही सांगायला तोंड उघडलं, की हा आधीच सांगून मोकळा. ट्रामवाला थांबा पुकारणार, त्याच्या आधी मुकादम पुकारणार. हॉटेलवाली बाई गरम पाण्याचा नळ दाखवायला लागली, तर हा म्हणाला, "डावीकडचा. डावीकडचाच असतो." तो निघाला उजवीकडचा आणि फिटरने सकाळी सकाळी गार पाणी अंगावर घेतलं, ही गोष्ट वेगळी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. पण हा शहाणा कित्येक वर्षं त्यांच्यावर हुकूम सोडत होता, त्याला कोण काय म्हणणार!

ते तिघं एकाच टोळीतले. गटारसफाईची टोळी. मुकादम वर उभा राहून काम करून घेणारा, फिटर पंप आणि पाइप जोडणारा, आणि तिसरा रेडिओ, गाडी चालवणारा. त्याला रेडिओ का म्हणतात हे त्याच्याशेजारी दहा मिनिटं बसलं की कुणालाही कळायचं. टोळीत चौथाही होता, खाली उतरणारा. तो फिटरचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणून सगळे त्याला धाकट्याच म्हणायचे. चार वर्षांपूर्वी तो मॅनहोलमध्ये उतरला आणि वर आला तो दोरीने ओढलेला.

आता मुकादम महिनाअखेरीला निवृत्त होणार होता. म्हणून त्यानेच बेत काढला होता, दोन दिवस लांबचं एक शहर बघायचं आणि तिसऱ्या दिवशी ज्वालामुखीच्या तोंडातलं एक तळं. फिटरला जायचं नव्हतं. पण रेडिओने असा पिच्छा पुरवला, की नको म्हणण्यापेक्षा जाणं सोपं.

जाताना भावजयीला सांगितलं, तेव्हा ती इस्त्री करत होती. "कुणाबरोबर?" तिने विचारलं. "मुकादम, रेडिओ," तो म्हणाला. तिने त्याच्या शर्टाची कॉलर तीनदा दाबली, मग म्हणाली, "जा." बस, एवढंच. बाई मूळची कमी बोलणारी, म्हणून फिटरने त्यात काही शोधलं नाही.

खरं सांगायचं तर फिटरचा राग मुकादमावर नव्हताच. त्याची खोड डोक्यात जायची, पण तो राग वरवरचा. आतला राग होता तो मेलेल्या भावावर.

त्यांच्या कामात एक नियम आहे. उतरण्याआधी कंदील पेटवून, दोरीला बांधून तळापर्यंत सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं. विझला तर खाली श्वास घ्यायला हवा नाही, मग साक्षात ब्रह्मदेव आला तरी उतरायचं नाही. या टोळीचा दिवा मात्र सव्वीस वर्षांत कधी विझलाच नाही, कारण ते झाकणं आदल्या दिवशीच उघडी टाकून ठेवायचे. रेडिओ ही फुशारकी भेटेल त्याला सांगायचा. "विझलेला दिवा कसा दिसतो, आम्हाला माहीत नाही बुवा!"

धाकट्या गेला त्या दिवशी फिटर आणि रेडिओ पलीकडच्या गल्लीत पंप लावत होते. आरडाओरड ऐकून धावत आले, तर मुकादम दोरी ओढत होता आणि दिवा गाडीतल्या पेटीत होता. फिटरने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, काच पुसून नीट ठेवलेला. मुकादमाने जबाब दिला, "मी दिवा आणायला वळलो, तेवढ्यात हा उतरला. पोरगा उतावळा होता." अहवालात तेच आलं, 'मृत कर्मचारी दिवा न सोडता, परवानगीची वाट न पाहता खाली उतरला.' कार्यालयात तो कागद सहा महिने भिंतीवर लावला होता, बाकीच्यांनी धडा घ्यावा म्हणून. फिटर रोज त्याच्यासमोरून हजेरी लावायला जायचा आणि मनातल्या मनात भावाला शिव्या घालायचा. गाढवा, पाच मिनिटं थांबला असतास तर! पुतणी तेव्हा नऊ वर्षांची. तिने विचारलं, "बाबा का गेले?" तर यानेच तिला सांगितलं, "तुझ्या बापाला थांबणं माहीत नव्हतं, बाळा. तू तशी होऊ नकोस."

शहराचे दोन दिवस जसे जायचे तसे गेले. लोक वर बघत चालतात, मनोरे बघतात, गच्च्या बघतात. हे तिघं खाली बघत चालले, कारण डोळ्यांना सवय झाकणांची. "हे झाकण उचलणं तीन माणसांचं काम," रेडिओ म्हणायचा. "दोघांचं," मुकादम म्हणायचा. खोलीत तीन खाटा होत्या, मधली मुकादमाने घेतली आणि असा घोरला, की फिटर दोन दिवस चिडचिड करत उठला. रेडिओ मात्र खुशीत. "घोरणारा माणूस मनाचा साफ असतो," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी बसने तळ्यावर. डोंगराच्या माथ्यावर बस थांबली आणि खाली पाहिलं, तर एवढं मोठं गोल पाणी, काळंशार, हलायचं नाव नाही. फिटरला ते पाहून बरं नाही वाटलं. त्याला ते झाकण काढलेलं तोंडच दिसलं. तरी तो बाकीच्यांच्या मागून तीनशे पायऱ्या उतरला.

खाली काठाला एक गुहा होती. दारात लाकडी कठडा आणि एक मध्यमवयीन गाईडबाई, गळ्यात शिट्टी अडकवलेली. पंधराएक माणसं जमली होती. बाई रोजचं पाठांतर म्हणत होती, "ज्वालामुखी झोपलाय, मेला नाही. त्याचा श्वास या गुहेत साठतो. दिसत नाही, वास येत नाही, पण गुडघ्याएवढा थर कायम असतो. उभं राहिलात तर काही होणार नाही. खाली बसलात तर उठणार नाही." तिने एक पलिता पेटवला आणि कठड्यावरून हात लांबवून हळूहळू खाली नेला. कमरेपर्यंत तो जळत होता. गुडघ्याशी आला आणि गेला. फडफड नाही, आवाज नाही. कुणी चिमटीत धरून विझवल्यासारखा गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! सव्वीस वर्षं फिटर कंदील वापरत आला आणि विझलेला दिवा आज पहिल्यांदा पाहत होता, तोही तिकीट काढून.

"आता नीट बघा," बाई म्हणाली, "पलित्याचा धूर..."

"वर येणार नाही," मुकादम म्हणाला. अर्थात. "खालच्या खाली पसरेल. अंथरूण घातल्यासारखा. मग हळूहळू काठाकडे सरकेल."

आणि तसंच झालं. धूर वर आलाच नाही. गुडघ्याच्या उंचीवर सपाट पसरला आणि भिंतीकडे सरकत गेला.

गाईडबाई कौतुकाने हसली. "साहेब आधी येऊन गेलेत वाटतं?"

"नाही, पहिल्यांदाच," मुकादम ऐटीत म्हणाला.

मग त्याचं त्यालाच कळलं. फिटरने पाहिलं, त्याचा चेहरा कसा उतरला ते. रेडिओ काहीतरी बोलत होता, तो अर्ध्यात थांबला. रेडिओ बंद पडलेला फिटरने याआधी एकदाच पाहिला होता, चार वर्षांपूर्वी, त्या मॅनहोलच्या काठावर.

फिटरने मुकादमाचा दंड धरला आणि त्याला गर्दीतून बाजूला काढला. "कुठे पाहिलास?"

"काय?"

"धूर. कुठे पाहिलास तू?"

"अरे, टीव्हीवर..."

"परवा ज्याला नळ कळला नाही, त्याला आज धूर कळला?"

"ट्रेनिंगला सांगितलं होतं."

"कोणत्या? दिवा सोडायला तुला-मला आधीच्या म्हाताऱ्या मुकादमाने शिकवलं. तो मरेपर्यंत म्हणत होता, विझलेला पाहिला नाही. मी पाहिला नाही. रेडिओने पाहिला नाही. तूच कसा पाहिलास?" फिटरचा आवाज चढला, लोक वळून बघायला लागले. बघू देत. "त्या दिवशी काच पुसलेली होती. न वापरलेल्या दिव्याची काच कोण पुसतं रे?"

मुकादम तळ्याकडे बघत राहिला. चोराच्या मनात चांदणं असतं. चार वर्षं त्याने ते कोंडून ठेवलं होतं आणि आज आपल्याच तोंडाने बाहेर सोडलं.

"वाऱ्याने विझला असं वाटलं," तो शेवटी पुटपुटला. "परत पेटवला."

"आणि?"

"परत विझला."

रेडिओ मटकन पायरीवर बसला.

"झाकण सकाळीच उघडलं होतं," मुकादम भराभर बोलायला लागला. "आदल्या दिवशी राहून गेलं. वरून सारखे फोन येत होते, रस्ता कधी मोकळा करताय, कधी मोकळा करताय. तो म्हणाला, दोनदा विझला, मी उतरत नाही, दुपारपर्यंत थांबू. मी त्याला..."

"तू त्याला काय?"

"मी म्हणालो..." मुकादम अजून तळ्याकडेच बघत होता. "म्हणालो, घाबरलास काय रे? तुझ्या जागी फिटर असता तर एव्हाना उतरून वर आला असता."

फिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने मुकादमाची कॉलर धरली आणि त्याला फरफटत गुहेच्या दारात नेला. गाईडबाईने शिट्टी फुंकली. "चल," फिटर ओरडला, "बस खाली! गुडघ्यावर बस! काही होत नाही!"

मुकादमाने दोन्ही हातांनी कठडा पकडला. साठीला टेकलेला, गावाला दरडावणारा माणूस, आणि कठडा सोडेना. "नको रे. नको. मरेन मी."

"घाबरलास काय रे?" फिटर म्हणाला.

मग त्याने कॉलर सोडली. दया आली म्हणून नव्हे. हा आत मेला असता तर अहवालात त्यालाही उतावळा म्हणाले असते, आणि तो उतावळा नव्हता. तो भेकड होता, आणि भेकड जिवंत हवा होता.

त्याने खिशातून फोन काढला आणि भावजयीला लावला. नंबर दोनदा चुकला. तिने उचलल्यावर त्याने सगळं सांगितलं, एका दमात. दिवा, काच, दोनदा विझला, त्याच्या नावाने दिलेला टोमणा, सगळं. पलीकडे इस्त्रीचा आवाज येत होता, तो थांबला.

"दादा," ती म्हणाली, "हे मला कशाला सांगताय? अंघोळीचं पाणी हात घालून बघितल्याशिवाय अंगावर न घेणारा माणूस तो. ते गेले त्याच आठवड्यात मी तुम्हाला म्हणाले होते, ते असे उतरणार नाहीत. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? म्हणालात, मुकादम कशाला खोटं बोलेल."

फिटरला आठवलं. शब्द न् शब्द आठवला. तो म्हणाला होता, आणि वर भावजयीलाच समजावलं होतं, की मनाला लावून घेऊ नकोस.

"परक्याने खोटं सांगितलं, त्याचं मला एवढं नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द टोचून गेला. "तुम्ही सख्खे भाऊ. चार वर्षं तुम्ही माझ्या घरात जेवताना त्यांना नावं ठेवलीत. मी वाढत होते आणि ऐकत होते."

फिटरचा राग तर अजून तसाच होता, पण आता तो कुणावर काढायचा, ते कळेना. भावावर काढला तो चार वर्षं फुकट गेला होता, आणि मुकादमावर कितीही काढला तरी स्वतःच्या वाटणीचा उरतच होता.

"पोरीला दे," तो शेवटी म्हणाला.

"काय सांगणार तिला?"

"जे उलटं सांगितलं होतं, ते सुलटं करतो."

फोन हातातून हातात गेला. "मोठे काका?" पुतणी म्हणाली. आता तेरा वर्षांची, आवाज बापासारखाच, शेवटाला जरा घोगरा. "तळं बघितलं? खोल आहे?"

"बाळा, ऐक," फिटर म्हणाला. "तुझा बाप उतावळा नव्हता. मी चुकलो. मी तुला खोटं सांगितलं. दिवा विझला होता आणि तुझा बाप थांबला होता. तो उतरत नाही म्हणाला होता. तू त्याच्यासारखीच हो."

मग पोरीने विचारलं, तिच्या वयाला शोभेल असं सरळ, "थांबले होते तर मग उतरले का?"

फिटरने मुकादमाकडे पाहिलं. तो कठड्याला टेकून उभा होता, कॉलर विस्कटलेली, डोळे जमिनीवर. रेडिओही त्याच्याकडेच बघत होता. फिटर त्याच्यापाशी गेला आणि फोन त्याच्या कानाला लावला.

"तुला सगळं आधी सांगायची हौस ना?" तो म्हणाला. "हिला सांग."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मुकादमाला सांगायला काही सापडत नव्हतं. फोनमधून पोरीचा आवाज स्पष्ट येत होता. "हॅलो? कोण बोलतंय? हॅलो?"

"मी," तो म्हणाला. "मी मुकादम."

"पुढे," फिटर म्हणाला.