कपाळावरची ओळ

मित्रांनो, मी एक वेबसाइट आहे, आणि जुनी आहे. वय वर्षं नऊ. तुम्हाला हसू येईल, पण आमच्यात नऊ वर्षं टिकणं म्हणजे पणतवंडं पाहिल्यासारखं असतं. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणी केव्हाच बंद पडल्या. मी अजून आहे. मधली दोन वर्षं मात्र मी असून नसल्यासारखी होते, आणि मला तुम्हाला तेवढंच सांगायचं आहे.

मी एका बूट करणाऱ्याची वेबसाइट. साधे बूट नव्हेत. कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, कुणाचं पाऊल आत वळलेलं असतं, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली असतात. अशा पायांसाठी बाबा बूट करतात. बाबा म्हणजे दुकानाचे मालक. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते म्हणून मीही म्हणते, कारण मला जन्म दिला तो तिने. तिला मी मनातल्या मनात ताई म्हणते. दुकान दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत शिवणयंत्र आणि भिंतभर टांगलेले लाकडी साचे, पुढच्या खोलीत एक बाक आणि टेबलावर संगणक. त्या संगणकावर मी दिवसभर उघडी असायचे, त्यामुळे दुकानातला शब्द न् शब्द माझ्या कानावर पडायचा.

ताईने मला बनवलं तेव्हा तिला या विद्येतलं फारसं कळत नव्हतं. मी दिसायला बेताचीच होते. पाच पानं, फिकट निळा रंग आणि बाबांचा एक फोटो, त्यात त्यांचा एक कान कापला गेलेला. पण एक पान तिने जीव ओतून लिहिलं होतं. मुलाचा एक पाय किती आखूड आहे ते घरी कसं पाहावं, हे त्यात होतं. मुलाला सरळ उभं करा, आखूड पायाखाली एकेक वही सरकवा, कंबर दोन्हीकडे सारखी झाली की थांबा आणि वह्यांची उंची मोजा. बाबा सांगत गेले आणि ती लिहीत गेली.

त्या पानाने माझं नाव झालं. मित्रांनो, तुम्ही शोधयंत्रात चार शब्द टाकता तेव्हा ते बिचारं त्याच क्षणी जगभर धावत सुटत नाही. त्याचे टेहळे आधीच फिरून गेलेले असतात. ते दारोदार जातात, पानं वाचतात आणि कुठे काय आहे याची यादी करून ठेवतात. माझ्याकडे येणारा टेहळ्या वह्यांचं पान वाचून खूश झाला असावा, कारण आखूड पायाबद्दल कुणी काही विचारलं की यादीत मी पहिल्या तिनांत असायचे. लांबलांबून आईबाप यायचे. एक आजोबा तर मोजलेल्या वह्याच काखेत घेऊन आले होते. मला तेव्हा थोडा गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू?

पुढे लोक फोनवरच सगळं पाहू लागले आणि फोनवर माझी अक्षरं मुंगीएवढी दिसू लागली. ताईचा आतेभाऊ संगणकाच्या कंपनीत होता. तो म्हणाला, मी करून देतो, सुट्टीचे दोन दिवस पुरे. त्याने मला नव्याने बांधायला घेतलं. वह्यांच्या उंचीवरून बुटाचा तळ किती जाड हवा ते सांगणारा मापांचा नवा तक्ता अजून अर्धाच भरला होता. ताई काळजीने म्हणाली, हा अर्धा तक्ता पाहून कुणी चुकीचं माप घेतलं तर पोराच्या पाठीची वाट लागेल, तो पुरा होईपर्यंत इथे कुणालाच येऊ देऊ नकोस. तिचं काही चुकलं नाही. भावाने दोन गोष्टी केल्या. माणसांसाठी 'काम चालू आहे' अशी पाटी लावली आणि टेहळ्यांसाठी माझ्या कपाळावर एक ओळ लिहिली: हे पान यादीत घेऊ नये. ही ओळ माणसांना दिसत नाही. ती फक्त टेहळ्यांना वाचता येते.

तक्ता पुरा झाला. पाटी निघाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबांनी भावाला स्वतः शिवलेले बूट दिले. कपाळावरची ओळ मात्र तशीच राहिली. भाऊ नव्या नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला.

टेहळ्या आला. त्याने आधी कपाळ पाहिलं. मला ओरडून सांगायचं होतं की अरे बाबा, ती ओळ जुनी आहे, तक्ता झालाय, आत ये. पण मला तोंड कुठे आहे? लिहिलंय तेवढंच मी बोलू शकते, आणि लिहिलं होतं यादीत घेऊ नये. तो भला माणूस होता. त्याने माझं एकेक पान यादीतून गाळलं आणि निघून गेला. त्यानंतरही तो अधूनमधून यायचा, कपाळ वाचायचा आणि परत फिरायचा.

हळूहळू माणसं येणं थांबलं. ताई हवालदिल झाली. ती हट्टाने शोधयंत्राची विद्या शिकली. पानांना लोक विचारतील तशा शब्दांत मथळे दिले, फोटोंखाली ओळी लिहिल्या, मला हलकी केली म्हणजे मी लवकर उघडेन. पायांचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना विनवून त्यांच्या वेबसाइटवर माझा पत्ता द्यायला लावला. सगळं अगदी बरोबर होतं, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिने माझ्यावर इतकी मेहनत घेतली की मला रडू यायचं. आतमध्ये इतकं चांगलंचुंगलं मांडून ठेवलं होतं आणि दारातूनच मी सगळ्यांना परत पाठवत होते.

तुम्ही म्हणाल, तिने एकदा स्वतः शोधून पाहायचं नाही का? पाहायची ना, रोज पाहायची. दुकानाच्या नावाची तीन अक्षरं टाकली की संगणक तिच्या रोजच्या सवयीने पत्ता आपणच पुरा करायचा आणि शोधयंत्राला न विचारताच मी समोर हजर. मी तर लगेच सापडते, असं तिला वाटायचं. दोष माझ्या कपाळावर आणि ती उपाय शोधत होती गावभर; यालाच काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात.

बाबांनी दोष फोटोला दिला. माझं तोंड बघून लोक पळत असतील, म्हणाले, आणि दोन्ही कान दिसतील असा नवा फोटो काढून घेतला. त्यानेही काही झालं नाही. मग ते साध्या चपला शिवू लागले. भिंतीवरच्या साच्यांवर धूळ बसली. एकदा ते स्वतःशीच म्हणाले, "चांगलंच आहे म्हणायचं. आताशा मुलं सरळ पायांची जन्मत असतील." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अशी दोन वर्षं गेली. मग एका दुपारी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी आठ वर्षांची. डाव्या पायाने ती फक्त चवड्यावर चालत होती. इस्पितळात दुसऱ्या एका मुलाच्या पायात बाबांनी पूर्वी करून दिलेले बूट पाहून बाईने दुकानाचा पत्ता विचारला होता. बाबांनी मुलीला बाकावर बसवलं, पाऊल हातात घेतलं आणि हळूच टाच खाली दाबून पाहिली. टाच खाली येईना. ते म्हणाले, बूट मी करीन, त्याने कंबर सरळ राहील. पण टाचेमागची शीर आखडली आहे, ती आता बुटाने सुटायची नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया लागेल.

"सहा वर्षांची असताना आणायला हवं होतं हो हिला," ते म्हणाले.

"तेव्हापासूनच शोधतेय मी," बाई म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते, उंच तळाचा बूट करून घ्या. कोण करतं तेच सापडेना."

ताईला ते लागलं. आम्ही तर इथेच आहोत, म्हणत तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईने आपला फोन काढला, शब्द टाकले आणि ताईच्या हातात दिला. ताईने पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, पाचवं पाहिलं. मग दुकानाचं पूर्ण नाव टाकून पाहिलं. मी कुठेच नव्हते. तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मला तो टेबलावरून स्पष्ट दिसत होता.

तिने तिथूनच भावाला फोन लावला. त्याला शोधायला चहाचा कप संपेल इतकाही वेळ लागला नाही. "अगं, एक ओळ काढायची राहिली होती," तो हसत म्हणाला. "एवढंच."

ताई हसली नाही. ओळ निघाली. चार दिवसांनी टेहळ्या आला आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच आत शिरला.

बूट न्यायला बाई आली तेव्हा ताईने तिला सगळं सांगितलं. बाबांनी डोळ्यांनी खुणावलं की कशाला सांगतेस, तरीही सांगितलं. चूक आमची होती, तुम्ही शोधत होतात आणि आम्हीच दार लावून बसलो होतो, असं ती म्हणाली. बाई बराच वेळ मुलीच्या बुटाची नाडी बांधत राहिली.

"आता इतरांना सापडेल ना?" तिने विचारलं.

ताईने मान हलवली. मलाही त्या मायलेकींपाशी काहीतरी बोलायचं होतं. पण मला माफी मागता येत नाही, कुणी लिहून दिल्याशिवाय मला काहीच म्हणता येत नाही.

म्हणून मित्रांनो, आज ताईकडून लिहवून घेऊन तुम्हाला सांगते. तुम्ही कधी माझ्यासारखी एखादी बांधलीत, तर तिला सजवण्याआधी एकदा परक्याच्या फोनवरून, परक्यासारखं शोधून पाहा. आपल्याला आपलं दार नेहमी उघडंच दिसतं. काम चालू असताना लावलेली प्रत्येक ओळ काम झाल्यावर काढा, आणि ती काढायला उशीर करू नका. मला उशीर परवडतो, मी यादीत पुन्हा वर चढेन. लहान मुलांचे पाय मात्र कुणासाठी थांबत नाहीत.