दीड फूट

डोकं अजून तापलेलंय, तरी सांगतो.

आमची गल्ली शहराच्या पोटातली. आधी सगळी बैठी घरं होती, आता जो तो वर चढतोय. शेजारचे तर मजल्यागणिक गॅलरी काढतात, म्हणून सगळे त्यांना गॅलरीवाले म्हणतात. त्यांना आता आमच्या कुंपणाला चिकटून दुमजली खोली काढायचीय. म्हणजे आमची त्या बाजूची एकुलती एक खिडकी मेली. तिच्याखाली आईचं शिलाई मशीन. काळ्या कापडावर काळा दोरा तिला दिव्याच्या उजेडात दिसत नाही.

खरं तर कुंपणापलीकडची दीड फूट जागा आमचीच. ती सोडावी लागली तर त्यांच्या खोलीत पलंगसुद्धा बसणार नाही.

मग कुंपणाची भिंत आत का? कारण आमचे बाबा गवंडी. वीस वर्षांपूर्वी स्वतः बांधली आणि मुद्दाम आत घेतली. का, तर "बाहेरून गिलावा करायला उभं कुठं राहायचं? लोकांच्या जागेत?"

धन्य!

काल सकाळी मोजणीवाला टेप घेऊन आला. गॅलरीवाले हसत म्हणाले, "भिंत मिस्त्रींनीच बांधलीय. त्यांना स्वतःची हद्द कळत नव्हती होय?"

वीस वर्षं शेजारी राहून हा माणूस बाबांना मिस्त्रीच म्हणतो.

"हद्दीचा दगड दाखवा, लगेच निकाल लावतो," मोजणीवाला म्हणाला.

"दगडबिगड काही नाही इथं," गॅलरीवाले.

बाबा खाली बघत उभे. मी त्यांना ओळखतो ना! यांना काहीतरी माहीत होतं.

"बाबा, बोला की!"

"जाऊ दे रे. रोज तोंड बघायचंय एकमेकांचं."

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात खिडकीतून आई कडाडली, "हो, हो, त्यांचं तोंड बघा! मी बसते आंधळ्यासारखी चाचपडत!"

बाबांनी घसा खाकरला. "फरशीखाली आहे. दहा वर्षांपूर्वी ह्यांनी फरशी घालायला बोलावलं, तेव्हा म्हणाले, दगड मधे येतोय, झाकून टाका. मी झाकला."

दहा वर्षं! आणि घरात एक शब्द नाही!

गॅलरीवाल्यांचा चेहरा पडला, पण तोरा तोच. "फोडा. नाही निघाला तर अख्खी फरशी नवीन घालून द्यायची, मिस्त्री."

बाबांनी भिंतीपासून बोटांनी मापं घेतली, एका फरशीवर टिचकी मारली आणि छिन्नी लावली. चौथ्या घावाला दगड दिसला. बरोब्बर दीड फुटावर.

मोजणीवाल्याने लिहून घेतलं. "खोली इथून पलीकडे, साहेब."

"पलीकडे काय कपाट बांधू?" गॅलरीवाले खेकसले. "राहू दे ती खोली! आधी हा खड्डा बुजवा, मिस्त्री."

आणि आमचे पिताश्री? घमेलं घेऊन सिमेंट कालवायला बसले!

"बाबा, सोडा ते! त्यांच्या बापाचे नोकर आहात का तुम्ही?"

"फोडलंय मी. काम उघडं टाकून जायचं नसतं."

मी घमेलं ओढलं, त्यांनी परत ओढलं. शेवटी मी सरळ दगडावरच पाय रोवून उभा राहिलो. "बाजूने काय भरायचं ते भरा. ह्याच्यावर थेंब पडू देणार नाही."

"सरक, बाळा."

"नाही सरकत."

त्यांनी माझ्या चपलेभोवतीने थापी फिरवली. गॅलरीवाले वर जाऊन गॅलरीतून बघत होते, मीही डोळे वटारून बघत राहिलो. सिमेंट वाळेपर्यंत हललो नाही.