खिळ्यावरची चिठ्ठी

मोजणीदारांच्या गोष्टीतला बाक सव्वासात फुटांचा होता आणि चाळीस वर्षांत तो इंचभरही वाढला नव्हता. एरवी गोष्टी सांगणाऱ्यांचा कारभार आपल्याला ठाऊक असतो. पहिल्या वर्षी नुसतं कुत्रं असतं, पाचव्या वर्षी त्याचा लांडगा होतो. पण हे गृहस्थ जन्मभर जमिनी मोजत आलेले. टेलिफोन ऑफिसातला बाक सव्वासात फूट, खिडकी तिथून अकरा पावलांवर आणि भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे, हे सगळं दर वेळी जसंच्या तसं यायचं.

गोष्ट त्या दिवसाची, ज्या दिवशी दूरच्या एका बलाढ्य देशाच्या राष्ट्राध्यक्षाला भर रस्त्यात, उघड्या मोटारीत गोळी घातली. इकडे तेव्हा संध्याकाळ होती. त्या वयाच्या कुणालाही विचारा, बातमी कळली तेव्हा आपण कुठे होतो हे तो छातीठोकपणे सांगेल. काल चष्मा कुठे ठेवला ते मात्र विचारू नका. मोजणीदार तेव्हा पंचवीस वर्षांचे, घरापासून दोनशे मैलांवर नोकरीला. आई तिकडे इस्पितळात, शेवटच्या दुखण्यात. त्यांनी टेलिफोन ऑफिसात जाऊन इस्पितळाचा ट्रंक कॉल बुक केला आणि बाकावर बसले. तेवढ्यात बातमी आली. साऱ्या जगाला एकदमच एकमेकांशी बोलायचं होतं, लाइन मिळेना. फोन लागला तेव्हा आईला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

"खिडकीतल्या मुलीनं मला पाणी आणून दिलं," इथे मोजणीदार थांबायचे आणि बायकोकडे हात करायचे. "ती ही." मग शेवटचं वाक्य: "जगानं एका हातानं घेतलं, दुसऱ्या हातानं दिलं."

ऐकणाऱ्या बायका पदरानं, रुमालानं डोळे टिपायच्या. "ती ही" मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून उठायची आणि चहाचं बघायला आत जायची. लोक म्हणायचे, लाजते. चाळीस वर्षं लाजणारी बाई कुणी पाहिली आहे का? पण लोकांना गोष्ट आवडलेली असली की ते फार खोलात शिरत नाहीत.

तिला आळीत सगळे टेलिफोनबाई म्हणत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी म्हणत. आणि टेलिफोनबाईंच्या पोटात जे होतं ते असं.

ऑफिस लहानसं होतं. आत बोर्डावर हेडफोन लावून थोरल्या बाई बसत. बाहेर खिडकीत ही, नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झालेली. पद्धत सरळ होती. गिऱ्हाईक आलं की चिठ्ठीवर नाव, नंबर आणि वेळ लिहायची आणि चिठ्ठी चिमट्यात अडकवायची. पाळी आली की चिठ्ठी आत थोरल्या बाईंकडे. बोलणं झालं की ती परत बाहेर यायची आणि लाकडी ठोकळ्यावर उभा खिळा होता, त्यात खुपसायची. चिमट्यातलं व्हायचं असलेलं, खिळ्यावरचं झालेलं. यात चुकण्यासारखं काही नव्हतंच.

सव्वासहाला लाइन मोकळी होती. थोरल्या बाई आतून म्हणाल्या, "पुढची दे." तिनं चिमट्यातून चिठ्ठी काढली. बाकावर बसलेल्या त्या उंच, हडकुळ्या माणसाची. ती द्यायला वळते न वळते तोच थोरल्या बाईंनी एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि म्हणाल्या, "अगं, मारलं त्याला."

कुणाला, कुठे, असं ती विचारत राहिली आणि हात आपलं रोजचं काम करून मोकळा झाला. चिठ्ठी खिळ्यात गेली.

मग दार उघडलं ते मिटेचना. वर्तमानपत्राचा माणूस, बँकेचा मॅनेजर, ज्याचा भाऊ परदेशात तो, ज्याचं परदेशात कुणीच नाही पण घरच्यांशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही तोही. सगळ्यांना अर्जंट कॉल हवा. त्या गलक्यात एकच माणूस गप्प होता. मध्येच तिची नजर बाकाकडे गेली की तो मांडीवर टोपी ठेवून बसलेला दिसायचा. किती समजूतदार माणूस, तिला वाटलं. साडेआठला गर्दी ओसरली आणि हिशेब लावायला तिनं खिळ्यावरच्या चिठ्ठ्या उपसल्या. अर्जंटच्या गठ्ठ्याखालून त्याची निघाली. भोक नेमकं नावातून आरपार गेलेलं.

तिनं थोरल्या बाईंच्या हातापाया पडून तो नंबर तेव्हाच लावून घेतला. दुसरा हेडफोन कानाला होता, म्हणून तिकडची नर्स काय म्हणाली ते तिनंही ऐकलं. सातपर्यंत शुद्धीवर होत्या. तुमचंच नाव घेत होत्या. आठला दहा कमी असताना गेल्या.

तो केबिनमधून बाहेर आला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला. तिनं पाणी नेऊन दिलं. दुसरं काय नेणार? आणि तिसऱ्या दिवशी हा माणूस खिडकीशी हजर. पाण्याचे आभार मानायला आलेलं तेवढं एकच गिऱ्हाईक त्या ऑफिसानं पाहिलं असेल.

सांगायचं तिनं कितीदा ठरवलं. आधी, लग्न मोडेल म्हणून राहिलं. मग संसार मोडेल म्हणून. मुलगी झाली, ती मोठी होऊन सासरी गेली, आणि मग इतकी वर्षं का नाही बोललीस, या एका प्रश्नाची धास्ती बसली. नवरा वाईट असता तर बरं झालं असतं, असंही तिला कधीकधी वाटे. भांडणात एकदा तोंडातून निसटलं असतं. पण हा माणूस गोष्ट सांगताना दर वेळी तिच्याकडे असा बघायचा, की जणू पाणी आत्ताच प्यायला आहे. चिठ्ठी तिनं जाळली नाही. शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली घडी करून ठेवली होती.

त्या घटनेला चाळीस वर्षं होणार म्हणून रेडिओनं श्रोत्यांना विचारलं, तेव्हा तुम्ही कुठे होता? मोजणीदारांनी चार पानी पत्र धाडलं. उलट टपाली उत्तर आलं: गुरुवारी चार वाजता आमची बाई तुमच्या घरी येऊन रेकॉर्ड करेल.

मोजणीदारांना अस्मान ठेंगणं झालं. केस कापून आले. बुधवारी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून टेलिफोन ऑफिसचा नकाशा काढायला बसले.

"अहो, रेडिओवर नकाशा कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसेल ना," ते म्हणाले. बाक झाला, केबिनी झाल्या, खिडकी झाली. मग पेन्सिल थांबली. "तो चिठ्ठ्या खुपसायचा खिळा कुठे होता गं? डावीकडे की उजवीकडे?"

तिनं चटकन मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. बिचाऱ्यांनी फक्त बाजू विचारली होती.

"उजवीकडे," ती म्हणाली.

रात्रभर ती कूस बदलत राहिली. आजवर ती गोष्ट घरातल्या घरात होती, पाहुण्यारावळ्यांत होती. उद्या ती गावभर जाणार. लाइन मिळेना, असं तो आपल्या सरळ, खऱ्या आवाजात साऱ्या जगाला सांगणार, आणि खोटं तिचं असणार. गप्प बसावं तर असं. बोलावं, तर तो पुन्हा कधी तिच्याकडे तसा बघेल की नाही, याचा भरवसा नव्हता. आणि त्या बघण्यावर तर ती चाळीस वर्षं जगली होती.

रेडिओवाली चारला पाच कमी असताना आली. पोरसवदा, हसरी, खांद्याला जड पिशवी. टेबलावर नकाशा, नकाशाशेजारी मशीन, मशीनसमोर नवीन शर्ट घातलेले मोजणीदार. बाक सव्वासात फूट. खिडकी अकरा पावलांवर. घड्याळ चार मिनिटं पुढे. "आणि लाइन मिळेना," असं ते म्हणाले, तशी रेडिओवाली टेलिफोनबाईकडे वळली.

"तुम्ही खिडकीत होता ना? तुमच्या बाजूनं कसं दिसत होतं हे सगळं?"

"ते मशीन जरा बंद करा," ती म्हणाली.

आत जाऊन तिनं शिवणाचा डबा आणला. बटणं टेबलावर ओतली, चिठ्ठी उलगडली आणि नकाशावर, नवऱ्यासमोर ठेवली.

"लाइन होती," ती म्हणाली. "सव्वासहाला लाइन मोकळी होती आणि तुमचाच नंबर होता. थोरल्या बाईंनी मागितली, मी बातमी ऐकत उभी राहिले आणि चिठ्ठी खिळ्याला लावून टाकली. साडेआठला दिसली. आई सातपर्यंत बोलत होत्या. ते मी ऐकलंय. माझ्यामुळे राहिलं तुमचं बोलणं."

मोजणीदारांनी चिठ्ठी उचलली. खिडकीकडे धरली, तशी नावातल्या भोकातून उजेड आला. ती त्यांनी पुन्हा जागेवर ठेवली.

"सव्वादोन तास," ते म्हणाले.

"हो."

ते उठले आणि गॅलरीत गेले. रेडिओवालीला कुठे बघावं कळेना. ती वायर गुंडाळायला लागली. "मी नंतर येऊ का?" "बसा," टेलिफोनबाई म्हणाली, कारण एकटीनं तिथे बसायची तिची छाती नव्हती. उघड्या दारातून मोजणीदार दिसत होते. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकाला जात, थांबत, वळत. ओठ हलत होते. असं दोन-तीनदा झालं. मग ते आत येऊन आपल्या खुर्चीत बसले.

"राग आला?" तिनं विचारलं.

"आला. खूप आला," ते म्हणाले. "म्हणून मोजून आलो. अकरा पावलं चालायला सात सेकंद लागतात. तेव्हा पाय तरणे होते, पाच लागले असते." ते नकाशाकडे बघत बोलत होते. "सगळं गाव तुझ्या खिडकीवर आदळत होतं. माझं काय झालं, असं मी येऊन एकदाही विचारलं नाही. सव्वादोन तासांत एकदाही नाही. तुला कधी नवल नाही वाटलं?"

"मला वाटलं, समजूतदार आहात."

"समजूतदार कसला. घाबरलो होतो. फोन लागला की काहीतरी ऐकावं लागणार. लागत नाही तोवर आई आहे." त्यांनी बोटानं एक बटण सरकवलं. "ती बातमी आली ना, तेव्हा मला बरं वाटलं गं. तिकडे एक माणूस मेला, सगळे रडताहेत, आणि मला वाटलं, सुटलो, आता लाइन मिळायची नाही. आणि ती तिकडे माझं नाव घेत होती. हे कुणाला सांगणार? म्हणून मग लाइन मिळेना, लाइन मिळेना. चाळीस वर्षं स्वतःलाच ऐकवत आलो."

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो ठेवू दिला, आणि मग तिच्याकडे बघितलं. तसंच. तेवढ्यानंच तिला रडू फुटलं.

"लावा ते मशीन," मोजणीदार म्हणाले. "पहिलं पुसून टाका."

त्यांनी नव्यानं सुरुवात केली. बाक सव्वासात फूट होता, खिडकी अकरा पावलांवर होती आणि मी उठलो नाही. जगानं घेतलं आणि दिलं, हे वाक्य या खेपेला आलं नाही. एवढं सांगून त्यांनी माइक बायकोकडे सरकवला.

"मी खिडकीत होते," टेलिफोनबाई म्हणाली. "एक चिठ्ठी माझ्या हातात होती..." आणि तिचा घसा कोरडा पडला, आवाज फुटेना.

रविवारी सकाळी तो कार्यक्रम लागला. सगळी आळी कान देऊन ऐकत होती. त्या जागी रेडिओवर आधी नुसती शांतता आली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, जाणारी पावलं, नळाचं पाणी, पुन्हा येणारी पावलं, आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "घे. पी आधी." रेडिओवालीनं ते कापायचं राहिलं की मुद्दाम ठेवलं, देव जाणे.

मोजणीदार बायकोशेजारी बसून ऐकत होते. त्यांनी पावलं मोजली. जाताना सहा, येताना सहा.