सुंदराच्या राबाला काडी

विपुलनं आपल्या पोराला कॉलरला धरून सुंदराच्या अंगणात आणलं आणि कमरेचा पट्टा काढून तिच्यापुढे धरला. "घ्या काकी. तुमीच फोडा याला."

मागून अर्धं गाव आलं होतं.

पोरगा प्रणित, वय पंधरा. माघात त्यानं सुंदराची पेंढ्याची उडवी पेटवली आणि शेजारी बांधलेला चांद्या बैल जळून मेला. वासरू असल्यापासून तिनं वाढवलेला. पोराला बालसुधारगृहातून दोन महिन्यांत घरी सोडलं, तेव्हा तिच्या तोंडून शिव्याच आल्या. बैलाच्या जिवाची किंमत एवढीच? सरपंच म्हणाले होते, तुमी हो म्हणा, पोराला गावात राहू देत नाय. आज ती हो म्हणणार होती.

तिनं पट्टा घेतला नाही, तसा विपुलनंच उगारला. पहिला फटका पाठीत बसला. प्रणित हललासुद्धा नाही. मान खाली घालून दुसऱ्याची वाट बघत राहिला. हे असं उभं राहणं सुंदरानं आधी पाहिलं होतं. पोरगा उडवीआड विड्या ओढतो, हे तिनंच माघात विपुलला सांगितलं, तेव्हाही त्यानं पोराला असंच चारचौघांत झोडपलं होतं. त्याच रात्री उडवी पेटली.

कोणीतरी मोबाईल वर धरला. उडवी जळतानाही हे मोबाईल असेच वर होते. सुंदराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पट्टा हिसकावला.

"मागच्या टायमाला तू याला मारलास नि माझा बैल जळला. आता कोनाचा जाळायचाय?"

सरपंच पुढे आले. "मंग काकी, पोराला घालवायचा ना?"

"घालवून माझा चांद्या येनार हाय का? नाय ना? मंग गप ऱ्हा." ती प्रणितकडे वळली. "उद्या माझा राब भाजायचाय. पेटवायला तू यायचा."

"त्याच्या हातात काडेपेटी?" गर्दीतली हिराबाई पुटपुटली.

"त्याच्याच."

सकाळी सुंदराच्या शेतात राबासाठी शेण, पाला, वाळक्या फांद्या पसरून तयार होत्या. ते जाळलेल्या राखेतच भाताचं बी पडायचं. गावकरी आपापल्या उडवीपाशी हंडे भरून बसले होते. माघात कुठं होते रे हे हंडे, असं तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

प्रणितच्या हातातल्या काड्या विझत होत्या. "आजी, नाय जमत."

"जमवायचा. वाऱ्याच्या उलट लाव, म्हंजे आग हळू सरकंल. नि विझंपर्यंत हलायचा नाय."

त्यानं लावली. हिरवी फांदी घेऊन कडेकडेनं फिरत राहिला, बांधाकडे जाणारी आग झोडपत राहिला. राख निवली तेव्हा जवळ येऊन म्हणाला, "आजी, चांद्या वरडत व्हता. मी ऐकला."

याला त्याच आगीत ढकलायला हवं होतं, असं सुंदराला वाटलं. तिनं ते त्याला तोंडावर सांगितलं.

तो तिथंच उभा राहिला. ती घराकडे चालू लागली, मग थांबली.

"चांद्याचा जोडीदार गोठ्यात एकटा हाय. मानूस जवळ आला का बुजतो. तुझ्या हातचा पानी पिईल, तवर रोज यायचा."