चारशे बारा नंबरचा बिल्ला

“अहो, खिळा दोन बोटं बाहेर राहू द्या! झाडाला वाढायला जागा नको का?”

झाडांचा अभ्यास करणाऱ्या बाईंचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा बिल्ला आहे. अंगावर आकडा ठोकलेला: चारशे बारा. राखीव जंगलाच्या एका चौकोनात प्रत्येक झाडाला असा बिल्ला होता. दरवर्षी टेप गुंडाळून झाडाचा घेर मोजायचा आणि वहीत लिहायचा. शंभर वर्षं, असा बाईंचा बेत!

मला लावणारा मोजणीदार हाताचा चांगला, पण घाईचा. “हो हो, बाई,” म्हणाला आणि त्यांची पाठ वळताच त्याने एक जादा घाव घातला. खिळा पार आत गेला.

अकरा वर्षं माझे लाड झाले. मोजणीदार मला अंगठ्याने पुसायचा. “काय रे चारशे बारा, झाडाचं पोट किती सुटलं?” पण साल दोन्हीकडून सरकत होती. आधी कडेचे चार आणि दोन झाकले, मग मधला एक. झाडावर माझा राग नाही. त्याने मिठीच मारली. पण मिठीतही श्वासापुरती फट लागते.

एका वर्षी उजेड गेला. बाहेर झाडाभोवती तीन फेऱ्या ऐकू आल्या. “कुठं गेला मेला?” मी इथेच होतो! पण पत्र्याला कुठला कंठ? मग पेन्सिलीची खरखर झाली. त्यानंतर पावलं माझ्यापाशी थांबलीच नाहीत. मी आत गुणगुणत राहिलो:

साल माझं सासर, साल माझं माहेर,
आत कोंडला आकडा, कोण काढील बाहेर?

नऊ वर्षं गेली. मित्रांनो, कुणावर खूण ठोकाल, तर त्याला वाढायला जागा ठेवा. आणि चुकलात, तर वेळेवर बोला. आत कुणीतरी कोंडलेलं असतं.

परवा धातू शोधायचं यंत्र माझ्यासमोर पीं पीं वाजलं. पटाशीने सालीची घडी उचलली गेली. उजेड! समोर मोजणीदाराची लेक होती. आता मोजणी तीच करते. मागे काठी टेकून तो स्वतः.

“बाबा, हे चारशे बारा! वहीत तुम्ही ‘मेले’ लिहिलंय. या जातीचं चौकोनात हे एकच झाड, म्हणून बाईंनी ती जातच यादीतून काढली. आणि हे तर धडधाकट उभंय!”

म्हातारा काठी टेकत पुढे आला. मग त्याने मला अंगठ्याने पुसलं.

“मला ठाऊक होतं, पोरी. खिळा मीच पुरता ठोकला होता. बाईंना सांगायची लाज वाटली, म्हणून झाडालाच मारलं.”